क्वायर आणि ऑर्केस्ट्राच्या कॉन्सर्टला पहिल्यांदा जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्वायर आणि ऑर्केस्ट्राची कॉन्सर्ट म्हणजे नक्की काय असतं?

स्टेजवर ऑर्केस्ट्रा, त्याच्या मागे पायऱ्यांवर गाणाऱ्यांचा मोठा ग्रुप म्हणजे क्वायर, पुढे एकेकटे गाणारे दोन-चार सोलोइस्ट आणि मधे कंडक्टर, हे सगळे मिळून बहुतेक वेळा एकच मोठी रचना सादर करतात. सेट नाही, कॉश्च्युम नाही, कुणी स्टेजवर तलवार खुपसून मरत नाही, ते सगळं ऑपेरात. इथे जे काय घडतं ते आवाजातच घडतं.

रचना साधारण ठरलेल्या जातीच्या असतात. मास म्हणजे चर्चच्या प्रार्थनेचे ठरलेले लॅटिन शब्द घेऊन केलेलं संगीत. रेक्विएम म्हणजे मृतांसाठीचा मास. ऑरेटोरिओ म्हणजे गोष्ट, बहुतेकदा बायबलमधली, ज्यात पात्रं असतात पण अभिनय नसतो. आणि मग बेथोवनच्या नवव्या सिंफनीसारखी प्रकरणं, जी आहे सिंफनीच, म्हणजे एरवी नुसत्या ऑर्केस्ट्राची मोठी रचना, पण शेवटी अचानक माणसं गायला लागतात.

मी हे संगीत कधीच ऐकलेलं नाहीये. डोक्यावरून जाईल का?

नाही जाणार, पण एक काम करा. गाण्याचे शब्द आधी वाचा, भाषांतरासकट. बाकी कंपोझरचं चरित्र, सोनाटा फॉर्म, फ्यूग म्हणजे काय, हे सगळं नंतर कधीतरी वाचलं तरी चालतं, पण शब्द वाचलेले नसतील तर दोन तास नुसता भव्य आवाज कानावर पडत राहतो आणि माणूस वीस मिनिटांनी छताकडे बघायला लागतो. मी ज्यांना ज्यांना बरोबर नेलंय त्यांच्यात कंटाळलेले आणि रंगलेले यातला फरक जवळपास प्रत्येक वेळी एवढाच होता.

एक उदाहरण देतो. हायडनचा 'क्रिएशन' नावाचा ऑरेटोरिओ आहे, १७९८ साली व्हिएन्नात पहिल्यांदा झाला. सुरुवातीला ऑर्केस्ट्रा एकटाच अंधार आणि गोंधळ रंगवतो, सूर कुठे धड टेकतच नाहीत, मग क्वायर अगदी दबक्या आवाजात म्हणतो, देव म्हणाला प्रकाश होवो, आणि प्रकाश... आणि 'प्रकाश' या शब्दावर सगळाच्या सगळा ऑर्केस्ट्रा आणि क्वायर पूर्ण ताकदीने सी मेजर या उजळ स्वरपट्टीत फुटतो. शब्द माहीत असतील तर अंगावर काटा येतो. माहीत नसतील तर शेजारचा दचकला म्हणून तुम्ही दचकता, एवढंच.

आणि वाचायला फार नसतं हो. मासमधला 'किरीए' हा भाग घ्या, प्रभू दया कर, ख्रिस्ता दया कर, प्रभू दया कर, संपले शब्द. बाखच्या बी मायनर मासमधे तेवढ्यावर पंधरा-वीस मिनिटं जातात. एकच ओळ वेगवेगळ्या आवाजांत फिरत राहते आणि तुम्हाला अर्थ आधीच माहीत असल्यामुळे तुम्ही मोकळे असता, आता ही ओळ कोण उचलतंय ते ऐकायला.

पण भाषा लॅटिन नाहीतर जर्मन. ऐकताना शब्द कळणार कसे?

सगळे कळणारच नाहीत, ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांनाही कळत नाहीत, कारण चार आवाज चार वेगवेगळ्या वेळी तोच शब्द म्हणत असतात. काही हॉलमधे वर पडद्यावर भाषांतर दाखवतात, बऱ्याच ठिकाणी प्रोग्रॅमच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. पुस्तिका हातात धरून ओळीओळीवर बोट ठेवून ऐकू नका पण, पानं उलटण्याचा आवाज सगळीकडे जातो आणि लक्ष कागदात अडकतं.

लॅटिनचा एक फायदा असा की मासचे शब्द तेच तेच असतात. किरीए (हे तेवढं ग्रीक), ग्लोरिया, क्रेडो, सांक्टुस, आग्नुस देई. एकदा नीट वाचले की मोझार्ट, हायडन, बेथोवन, शूबर्ट सगळ्यांना पुरतात, उलट तीच ओळ याने कशी लावली आणि त्याने कशी लावली हे बघण्यात वेगळीच मजा आहे.

स्टेजवर एवढी माणसं कोण कोण असतात?

समोर तंतुवाद्यं, म्हणजे पहिले व्हायोलिन, दुसरे व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास. त्यांच्या मागे फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बासून ही फुंकायची लाकडी मंडळी, मग हॉर्न, ट्रम्पेट, ट्रोम्बोन हे पितळी, आणि कुठेतरी मागे टिम्पनी म्हणजे ते तांब्याचे मोठे नगारे. सगळ्यात मागे आणि वर क्वायर. त्यात चार आवाज: सोप्रानो हा बायकांचा वरचा, अल्टो खालचा, टेनर पुरुषांचा वरचा आणि बास खालचा. सोलोइस्टही बहुतेकदा याच चार जातींचे असतात, कंडक्टरच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसतात, क्वचित क्वायरच्या पुढे उभे करतात.

आकडे रचनेवर ठरतात. हेंडल किंवा बाख असेल तर वीस-तीस वादक आणि तेवढेच गाणारे पुरतात, व्हर्डी नाहीतर ब्राम्स असेल तर ऑर्केस्ट्रा सत्तर-ऐंशीच्या घरात आणि क्वायर शंभरच्या पुढेमागे. टोकाचं उदाहरण मालरच्या आठव्या सिंफनीचं, १२ सप्टेंबर १९१० ला म्युनिकमधे तिचा पहिला प्रयोग झाला तेव्हा हजाराहून जास्त लोक गात-वाजवत होते. रोज काही तसं होत नाही.

सुरू व्हायच्या आधी सगळे एकदम काहीतरी वाजवतात तो काय प्रकार?

सूर जुळवणं. पहिल्या व्हायोलिनची लीडर, म्हणजे कॉन्सर्टमास्टर, स्टेजवर येते, लोक टाळ्या वाजवतात, ती खूण करते आणि ओबो एक लांब 'ए' सूर देतो, बाकीचे त्याला जुळवून घेतात. हा ए ठरावाप्रमाणे ४४० हर्ट्झचा, पण युरोपात कित्येक ऑर्केस्ट्रा ४४२-४४३ ला लावतात, आणि जुन्या पद्धतीची वाद्यं वापरणारे बरोक, म्हणजे बाख-हेंडलच्या काळचं संगीत वाजवणारे, ग्रुप बहुतेकदा ४१५ ला, म्हणजे जवळपास अर्धा सूर खाली. क्वायरमधल्या सोप्रानो या ४१५ वर फार खूश असतात, वरच्या पट्टीतला ताण तेवढाच कमी. हॉलमधे मोठा ऑर्गन वाजणार असेल तर मात्र सूर ऑर्गनकडून घेतात, कारण ऐनवेळी त्याला जुळवणं शक्यच नसतं, इतरांनीच त्याला जुळवून घ्यायचं.

खरंच माइक नसतात?

खरंच नसतात. रेकॉर्डिंगसाठी वर लटकवलेले दिसतील, पण तुमच्या कानात येतो तो आवाज थेट गळ्यातून आणि वाद्यातून. एकटा टेनर सत्तर वाद्यांच्या वर ऐकू कसा येतो याचं कारण नुसती ताकद नाही. तयार गायकाच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास ऊर्जेचा एक पुंजका तयार होतो आणि ऑर्केस्ट्राचा आवाज त्या पट्ट्यात बराच उतरलेला असतो, शिवाय आपला कानही नेमका तिथेच जास्त तीक्ष्ण असतो, त्यामुळे आवाज त्या फटीतून आरपार निघून येतो.

क्वायरची गोष्ट वेगळी, तिथे कुणाचाच आवाज वेगळा उठून दिसायला नको असतो. आणि एक गंमत बघा, लांबलचक सूर क्वायर न तुटता धरून ठेवतो तेव्हा तुम्हाला वाटतं यांना श्वास लागत नाही का. लागतो, पण शेजारी शेजारी उभे असलेले एकाच वेळी श्वास घेत नाहीत, ठरवून आलटून पालटून चोरून घेतात, सूर मधेच हळूच सोडायचा आणि परत हळूच त्यात शिरायचं.

हॉलचाही हात असतोच. चांगल्या कॉन्सर्ट हॉलमधे आवाज विरायला साधारण दोन सेकंद लागतात, मोठ्या दगडी चर्चमधे त्याच्या दुप्पट-तिप्पट. चर्चमधे संथ रेक्विएम स्वर्गीय वाटतं आणि झपाट्याचा फ्यूग, म्हणजे एकच धून एकामागून एक आवाजांनी उचलत जाण्याचा प्रकार, त्याचा नुसता काला होतो, तेव्हा तिकीट काढताना रचना कुठली आणि जागा कुठली हे दोन्ही बघा.

कंडक्टर नुसते हात हलवतो, त्याची खरंच गरज असते का?

क्वायर असताना तर फारच. साधं गणित आहे, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. क्वायरची मागची ओळ कंडक्टरपासून पंधरा मीटर लांब असेल तर त्यांचा आवाज त्याच्यापर्यंत यायला सेकंदाचे चार शतांश भाग जास्त लागतात, आणि पुढच्या व्हायोलिनचा आवाज मागे पोचायलाही तेवढेच. कानावर विसंबून गायलं तर क्वायर कायम मागे पडणार. म्हणून त्यांना डोळ्यांनी गावं लागतं, कंडक्टरच्या हाताबरोबर, ऑर्केस्ट्रा कानाला उशिरा येतोय असं वाटलं तरीही. तुम्ही बघाल की चांगल्या क्वायरमधे माना वर असतात आणि पुस्तक जवळपास हनुवटीच्या उंचीवर धरलेलं असतं, त्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट शेवटच्या व्यंजनाची. शब्द 'स' ने संपत असेल आणि ऐंशी माणसांनी तो ऐंशी वेगवेगळ्या क्षणी म्हटला तर हॉलभर साप सोडल्यासारखा फुत्कार ऐकू येतो. कंडक्टर डाव्या हाताची चिमूट बंद करतो ना, ते बऱ्याचदा तो 'स' एकदम कापण्यासाठी असतं. पुढच्या वेळी तेवढंच बघा, क्वायर किती तयारीचा आहे ते तिथेच कळतं.

क्वायरवाले प्रोफेशनल असतात का?

बऱ्याचदा नाही, आणि मला स्वतःला या सगळ्यातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. ऑर्केस्ट्रा पगारी, सोलोइस्ट नावाजलेले, आणि मागे उभे शंभर जण दिवसा शाळेत शिकवणारे, बँकेतले, डॉक्टर, रिटायर झालेले. व्हिएन्नाचा प्रसिद्ध जिंगफेराइन १८५८ पासून आहे, मोठमोठ्या कंडक्टरांबरोबर गातो, आणि हौशीच आहे. रेडिओचे आणि ऑपेरा हाऊसचे क्वायर मात्र पगारी असतात.

हौशी क्वायरवर किती काय अवलंबून राहिलंय ते बघायचं तर बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' घ्या, पॅशन म्हणजे येशूच्या छळाची आणि मृत्यूची गोष्ट गाऊन सांगणारी रचना. बाख गेल्यावर ते जवळपास विस्मरणात गेलं होतं, दोन क्वायर आणि दोन ऑर्केस्ट्रा लागणारं अवाढव्य काम, कोण हात घालणार. ११ मार्च १८२९ ला बर्लिनमधे मेंडेल्सोनने ते परत उभं केलं, काटछाट करून, तेव्हा तो फक्त वीस वर्षांचा होता आणि गाणारे होते जिंगआकाडेमी या तिथल्या क्वायरचे हौशी लोक. आज बाख म्हटलं की जग हात जोडतं त्यात त्या संध्याकाळचा मोठा वाटा आहे.

आणि दुसरं, हे वाचून जरा थांबावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात टेरेझिनच्या नाझी छळछावणीत राफाएल शेख्टर नावाच्या कंडक्टरने ज्यू कैद्यांचा क्वायर उभा केला आणि १९४३-४४ मधे त्यांच्याकडून व्हर्डीचं रेक्विएम बसवून घेतलं, ऑर्केस्ट्रा नाही, पियानोच्या साथीवर, बहुतेक सगळं तोंडपाठ. गाणारे छावणीतून पुढे पाठवले जायचे तसे परत नवे लोक घेऊन परत शिकवायचं. शब्द वाचा म्हणतो ते यासाठी पण, त्यात 'दीएस ईरे' म्हणजे क्रोधाचा दिवस आहे, न्यायाधीश येईल आणि काहीही लपून राहणार नाही, असं ते लोक गात होते.

तालमी किती होतात?

क्वायर आठवड्यातून एकदा असं करत कित्येक आठवडे, पियानोवर. ऑर्केस्ट्रा शेवटच्या दोन-तीन दिवसांत येतो. म्हणजे तुम्ही ऐकता त्याच्या आधी हे दोन्ही ग्रुप एकमेकांबरोबर मोजकेच तास वाजलेले असतात.

रेक्विएम म्हणजे सगळं रडकंच असणार ना?

अजिबात नाही, आणि चार रेक्विएम चार स्वभावाची असतात.

मोझार्टचं अर्धवट राहिलं, ५ डिसेंबर १७९१ ला तो गेला तेव्हा 'लाक्रिमोसा' या भागाच्या पहिल्या आठच बार (तालाची छोटी आवर्तनं) त्याच्या हातच्या होत्या. पुढचं त्याच्या जवळच्या झ्युसमायरने पूर्ण केलं. त्यात फ्लूट नाहीत, ओबो नाहीत, त्याऐवजी बॅसेट हॉर्न नावाची क्लॅरिनेटची काळोखी बहीण आहे, म्हणून सुरुवातीपासून रंग गडद लागतो. पन्नासेक मिनिटांचं.

व्हर्डीचं म्हणजे वादळ. लेखक मांझोनीच्या पहिल्या स्मृतिदिनाला, २२ मे १८७४ ला, मिलानच्या सान मार्को चर्चमधे पहिल्यांदा झालं. मोठा बास ड्रम असा बसतो की खुर्ची हलते, आणि शेवटच्या निवाड्याच्या भागात काही ट्रम्पेट स्टेजच्या बाहेरून वाजतात, तेव्हा मागून आवाज आला तर वळून बघू नका, ते मुद्दाम आहे. दीड तासाच्या आसपास, सहसा मध्यंतराशिवाय.

ब्राम्सने लॅटिन शब्द घेतलेच नाहीत, ल्यूथरच्या जर्मन बायबलमधून स्वतः ओळी निवडल्या, आणि पहिलीच ओळ मेलेल्यांबद्दल नाही तर मागे राहिलेल्यांबद्दल आहे, जे शोक करतात ते धन्य कारण त्यांचं सांत्वन होईल. पहिल्या भागात व्हायोलिनना कामच नाही, ते वाद्य मांडीवर ठेवून शांत बसलेले असतात आणि सगळा आवाज व्हायोला, चेलोकडून खालून येतो. हे माहीत असलं की तो सुरुवातीचा ऊबदारपणा कुठून येतोय ते कळतं. १८६८ मधे ब्रेमेनला झालं तेव्हा सहा भाग होते, सोप्रानोचा आईसारखं सांत्वन करीन असं सांगणारा भाग नंतर घातला. ब्राम्सची आई १८६५ मधे गेली होती, त्यामुळे त्या भागाकडे लोक तसंच बघतात.

फोरेचं सगळ्यात मवाळ, पस्तीसेक मिनिटं, त्याने तो क्रोधाच्या दिवसाचा भयंकर भाग जवळपास गाळूनच टाकला.

बेथोवनच्या नवव्याला गेलो तर क्वायर तासभर नुसता बसूनच असतो असं ऐकलं, खरं का?

तासभर नाही पण पाऊण तास धरा. पहिल्या तीन मूव्हमेंट, म्हणजे सिंफनीचे भाग, नुसता ऑर्केस्ट्रा, चौथीत सुद्धा सहा-सात मिनिटं झाल्यावर माणूस तोंड उघडतो. नुसते गाणारेच नाही, पिकोलो, ट्रँगल, झांजा, बास ड्रम यांना पण चौथीपर्यंत काम नाही. काही ठिकाणी क्वायरला आणि सोलोइस्टना मधल्या मूव्हमेंटनंतर आत आणतात, तोवर लोक खोकून घेतात.

चौथी मूव्हमेंट ऐकायची किल्ली सांगतो. सुरुवातीला एक कानठळ्या बसवणारा गोंगाट, मग चेलो आणि डबल बास चक्क बोलल्यासारखे वाजतात, शब्द नाहीत पण बोलणं आहे. मग पहिल्या मूव्हमेंटची धून डोकावते, ते तिला नको म्हणतात, दुसरीची येते, नको, तिसरीची येते, जरा हळवे होतात पण तीही नको. मग ती सगळ्यांना माहीत असलेली साधी धून अगदी हळू, खालच्या सुरात, एकट्यानेच सुरू होते आणि एकेक जण तिच्यात येत जातो. परत तो गोंगाट येतो आणि आता मात्र बास गायक उभा राहून सांगतो, मित्रांनो, हे सूर नकोत, काहीतरी आनंदाचं गाऊ. म्हणजे वाद्यं आधी जे बोलत होती तेच आता शब्दांत. हे आधी माहीत असेल तर पाऊण तासाचं बसणं वसूल होतं, नसेल तर लोक 'ती धून कधी येणार' म्हणून घड्याळ बघत बसतात. पुढचे शब्द शिलरच्या कवितेतले.

७ मे १८२४ ला व्हिएन्नात पहिला प्रयोग झाला तेव्हा बेथोवन जवळपास ठार बहिरा होता. तो कंडक्टरशेजारी उभा राहून लय दाखवत होता, पण वादकांनी बघायचं उमलाउफ नावाच्या खऱ्या कंडक्टरकडे असं ठरलं होतं. संपल्यावर टाळ्या त्याला ऐकूच आल्या नाहीत, तेव्हा अल्टो गाणाऱ्या कारोलिन उंगरने त्याला लोकांकडे वळवलं असं सांगतात.

टाळ्या कधी वाजवायच्या? हा सगळ्यात मोठा टेन्शनचा प्रश्न आहे!

एकच खूण लक्षात ठेवा, कंडक्टरचे हात खाली आले आणि तो प्रेक्षकांकडे वळायला लागला की वाजवा. हात हवेत आहेत तोवर रचना चालू आहे, आवाज थांबला असला तरी. मूव्हमेंटच्या मधे आजकाल वाजवत नाहीत. चुकून वाजवल्या तर काही आभाळ कोसळत नाही, आणि जे मागे वळून डोळे वटारतात त्यांना सांगा की १८१३ मधे बेथोवनच्या सातव्या सिंफनीची दुसरी मूव्हमेंट लोकांनी तिथल्या तिथे परत वाजवायला लावली होती, आणि मोझार्टने १७७८ मधे पॅरिसहून वडिलांना खुशीत लिहिलं होतं की मूव्हमेंट चालू असतानाच लोकांनी टाळ्या दिल्या. शांत बसायची शिस्त बरीच नंतरची आहे.

तरी रेक्विएमच्या शेवटी घाई नको. शेवटचा सूर विरत असतो आणि कुणीतरी एक वीर 'ब्राव्हो' ओरडतो, अशा माणसाला पुढच्या कॉन्सर्टचं तिकीट देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सगळे वाकून नमस्कार करतात तेव्हा एक साध्या कपड्यातली व्यक्ती बाजूने धावत येते, ती क्वायरमास्टर, कित्येक आठवडे तालमी तिनेच घेतलेल्या असतात. तिला टाळ्या जोरात द्या.

'हॅलेलुया'ला उभं राहायचं का?

हेंडलच्या 'मसाया'मधला हा कोरस. गोष्ट अशी सांगतात की लंडनच्या प्रयोगात राजा दुसरा जॉर्ज उभा राहिला म्हणून सगळे उभे राहिले. त्या काळच्या कुणी पाहिल्याचा पुरावा नाहीये, पण प्रथा आहे. शेजारचे उठले तर उठा, बसले तर बसा. मात्र तो शेवट नाही हां! दुसऱ्या भागाचा शेवट आहे, तिसरा भाग अजून बाकी असतो, कोट घालून निघू नका.

मसायाची एक मजेशीर गोष्ट म्हणजे १३ एप्रिल १७४२ ला डब्लिनमधे पहिला प्रयोग होता तेव्हा जास्त माणसं मावावीत म्हणून बायकांनी घेरदार झग्याच्या आत कड्या घालू नयेत आणि पुरुषांनी तलवारी आणू नयेत अशी विनंती केली होती. हेंडलने सगळं साधारण चोवीस दिवसांत लिहिलं होतं. टिम्पनीवाल्याकडे लक्ष ठेवा, त्याला त्या अडीच तासांत फक्त हॅलेलुया आणि शेवटचा कोरस एवढंच काम असतं.

कपडे काय घालायचे?

नीटनेटके, आरामात दोन तास बसता येईल असे. बांगड्या, ब्रेसलेट वाजणारं नको, सुगंध बेताचा. बस.

कुठे बसावं?

पुढच्या ओळी महाग असतात म्हणून चांगल्या असं समजू नका. क्वायर मागे आणि उंचावर असतो, त्याचा आवाज पुढच्या ओळींच्या डोक्यावरून जातो आणि तुम्हाला फक्त व्हायोलिन आणि सोलोइस्टचे बूट मिळतात. हॉलच्या मधोमध किंवा पहिल्या बाल्कनीच्या पुढच्या रांगा उत्तम. बाल्कनीखाली अगदी आत गेलात तर आवाज दबतो. बर्लिनचा फिलहार्मोनी १९६३ ला उघडला त्या धाटणीच्या हॉलमधे प्रेक्षक स्टेजच्या चारी बाजूंना बसतात, पण गाण्याच्या कॉन्सर्टला स्टेजमागची सीट टाळा, सोलोइस्टचं तोंड पलीकडे असतं आणि शब्द पलीकडेच जातात.

उशीर झाला तर?

दोन भागांच्या मधल्या थांब्यालाच आत सोडतात, आणि सलग रचना असेल तर सोडतच नाहीत. वीस मिनिटं आधी पोचा, तेवढ्यात शब्द पण वाचून होतात.

खोकला आला तर?

जोरदार भागात खोका. चेष्टा नाही, ट्रोम्बोन चालू असताना कुणालाच ऐकू जात नाही. गोळी आधीच कागदातून काढून ठेवा, कारण तो कागद हळूहळू उलगडणं हा एकदम उलगडण्यापेक्षा जास्त छळ आहे. मोबाईल सायलेंट नाही, बंद.

लहान मुलांना न्यावं का?

सात-आठ वर्षांपुढच्यांना, रचना बघून. दीड तास सलग व्हर्डी नको. 'कार्मिना बुराना' जमतं, ऑर्फची ही रचना तासाभराची, १९३७ ची, तालाला धरून, भरपूर नगारे, त्यात मुलांचा क्वायर पण असतो, आणि एक टेनर बिचारा भाजला जाणाऱ्या राजहंसाच्या तोंडून गातो ते मुलांना भयंकर आवडतं. काही गाण्यांचे शब्द मात्र बरेच चावट आहेत, ते आधी तुम्ही एकटे वाचा.

झोप लागली तर?

घोरू नका. बाकी कुणाची हरकत नसते.

पहिल्यांदा कुठली रचना निवडू?

माझं मत विचाराल तर मोझार्टचं रेक्विएम, लांबीला बेताचं आणि प्रत्येक भाग आटोपशीर. नंतर ब्राम्स. बाखचं पॅशन पहिल्याच वेळी नको, तीन तासांच्या आसपास जातं आणि मधे निवेदकाचं गोष्ट सांगणं बरंच असतं, ज्याला शब्द न वाचता गेलेला माणूस टिकतच नाही. नववी कधीही, कुणीही.

आधी रेकॉर्डिंग ऐकावं का असंही विचारतात. एखादा भाग ऐका, सगळं नको.

मलाच क्वायरमधे गावंसं वाटायला लागलंय, जमेल का?

जमतं. बहुतेक हौशी क्वायर छोटी आवाज-चाचणी घेतात, एखादी ओळ ऐकून परत गायला लावतात आणि तुमचा आवाज कुठवर चढतो-उतरतो ते बघून तुम्हाला चारपैकी एका गटात टाकतात. स्टाफ नोटेशन वाचता येत असेल तर छान, नसेल तर काही ठिकाणी शेजाऱ्याचं ऐकून शिकायला वेळ देतात, घरी आपापल्या ओळीचा सराव मात्र करावा लागतो. सोप्रानोंसाठी बऱ्याचदा वेटिंग लिस्ट असते. टेनरची जवळपास सगळीकडे टंचाई, तेव्हा टेनर असाल तर चाचणी घेणारेच तुमची मनधरणी करतील.